चार्ल्स इंगल्सच्या मागे

चार्ल्स फिलिप इंगल्स 10 जानेवारी 1836 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा या गावी जन्मला. घराण्याचा अमेरिकेतला मूळ पुरुष एडमंड इंगल्स 1629 साली इंग्लंडमधून येऊन मॅसॅच्युसेट्समधल्या लिन इथे राहिला होता. 1648 साली घोड्यावरून जाताना पूल मोडला आणि एडमंड नदीत बुडाला.

चार्ल्सचे आजोबा सॅम्युएल कविता करत. 1825 साली त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं. त्यावर त्यांनी स्वतःला अशिक्षित कवी म्हणवून घेतलं होतं.

वडील लॅन्सफर्ड न्यूयॉर्कची जमीन सोडून इलिनॉयला गेले. 1853 साली इलिनॉय सोडून विस्कॉन्सिनला गेले. विस्कॉन्सिनची जमीन काही वर्षांनी कर्जापायी गेली.

विस्कॉन्सिनच्या कॉन्कर्ड गावात शेजारी क्वायनर कुटुंब होतं. तिथले वडील 1845 साली मिशिगन सरोवरात जहाजासह बुडाले होते. मुलगी कॅरोलिन तेव्हा पाच वर्षांची होती. मोठी होऊन ती शाळेत शिकवू लागली.

दोन घरांत तीन लग्नं झाली. 1859 साली कॅरोलिनचा भाऊ हेन्री आणि चार्ल्सची बहीण पॉली यांचं. 1 फेब्रुवारी 1860 रोजी चार्ल्स आणि कॅरोलिनचं. 1861 साली चार्ल्सचा भाऊ पीटर आणि कॅरोलिनची बहीण एलायझा यांचं. पॉली कॅरोलिनची नणंदही झाली आणि भावजयही. एलायझा बहीण होती, ती जाऊही झाली. पुढच्या पिढीतली भावंडं एकमेकांची दुहेरी नात्याने भावंडं होती.

कॅरोलिनचा दुसरा भाऊ जोसेफ यादवी युद्धात गेला. 1862 साली शायलोच्या लढाईत तो जखमी झाला आणि वारला.

1863 साली चार्ल्स आणि हेन्रीने पेपिन गावाजवळ मिळून जमीन घेतली. गाव मिसिसिपी नदीच्या काठावर आहे. नदी तिथे रुंद होते. त्या रुंद पात्राला पेपिन सरोवर म्हणतात. गावापासून सात मैलांवर, झाडं तोडून मोकळ्या केलेल्या जागेत ओंडक्यांचं घर उभं राहिलं. मेरी तिथे जन्मली, 10 जानेवारी 1865 रोजी, वडिलांच्याच वाढदिवशी. 7 फेब्रुवारी 1867 रोजी लॉरा जन्मली.

घराभोवती बिग वुड्स नावाचं जंगल होतं. मोठमोठी झाडं होती. हरणं, अस्वलं होती. चार्ल्स सापळे लावायचा, हिवाळ्यात कातडी विकायचा. शिकारीवर वर्षभराचं मांस निघायचं. ते खारवून, धुरावून माळ्यावर टांगलेलं असे.

त्या भागात ते जंगल आता नाही. उत्तरेकडचे पाइनचे ओंडके चिपेवा नदीतून येत आणि त्यांचे तराफे मिसिसिपीतून खाली जात. मिसिसिपीवरचा लाकडाचा शेवटचा तराफा 1915 साली गेला. घराच्या जागी आज 1970 च्या दशकात बांधलेली प्रतिकृती आहे. भोवती शेतं आहेत. मका असतो.

1868 साली चार्ल्सने ती जमीन एका स्वीडिश माणसाला हप्त्याने विकली. कापडी छताची घोडागाडी मिसूरीमार्गे कॅन्ससला निघाली. 1869 साली इंडिपेंडन्स गावापासून तेरा मैलांवर, माळावर, चार्ल्सने दुसरं ओंडक्यांचं घर बांधलं. विहीर हाताने खणली. 3 ऑगस्ट 1870 रोजी कॅरी तिथे जन्मली.

जमीन ओसेज लोकांची होती. चार्ल्सकडे तिचा कागद नव्हता. त्या साली जनगणनेचा कारकून दारोदार फिरला. त्या वस्तीची नोंद करताना त्याने लिहून ठेवलं की जमीन ओसेजांची आहे, वस्ती करणाऱ्यांची तिच्यावर मालकी नाही.

त्याच सालच्या जुलैत वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला. ओसेजांना कॅन्ससमधून हलवायचं आणि त्यांची जमीन एकरी सव्वा डॉलरने विकायची, असं ठरलं. ओसेज दक्षिणेला, आज जिथे ओक्लाहोमा आहे तिथे गेले. त्यांच्या शिकारीच्या वाटा, छावण्यांच्या जागा, पुरलेली माणसं मागे राहिली. लॉराने पुढे या दिवसांवर लिहिलेल्या पुस्तकात ओसेजांची घोड्यांची रांग घरासमोरून जाते. सकाळी सुरू झालेली रांग दुपार उलटली तरी संपत नाही. कॅरोलिनला त्या दिवशी स्वयंपाक सुचत नाही. रांगेतली एक बाई बाळ घेऊन जाते आणि लहान लॉरा त्या बाळासाठी रडते.

त्या घरात सगळ्यांना हिवताप झाला. उपचार डॉ. जॉर्ज टॅन यांनी केले. ते कृष्णवर्णीय होते आणि ओसेजांवरही उपचार करत. इंडिपेंडन्सच्या माउंट होप स्मशानभूमीत त्यांची कबर आहे.

1871 साली विस्कॉन्सिनच्या जमिनीचे हप्ते थांबले. घेणाऱ्याने ती परत केली. इंगल्स कुटुंब कॅन्ससचं घर सोडून निघालं. विहीर तिथेच राहिली. शंभरेक वर्षांनी जागा शोधताना तिचाच आधार झाला. घर उरलं नव्हतं. 1977 साली तिथे प्रतिकृती बांधली.

ते पेपिनला परतले त्या वसंतात मध्य विस्कॉन्सिनमध्ये पॅसेंजर पिजन जातीची कबुतरं उतरली होती. त्यांची घरटी सुमारे 850 चौरस मैलांत पसरली होती. पक्ष्यांचा अंदाज 13 कोटी 60 लाखांचा. फांद्या वजनाने मोडत. रेल्वे आणि तारेमुळे बातमी लगेच पसरली आणि शिकारी आले. पक्षी पिंपांत भरून रेल्वेने शहरांत गेले. पिल्लं काठ्यांनी खाली पाडली गेली. 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीची शेवटची मादी मेली. तिचं नाव मार्था होतं.

पेपिनला दुसऱ्यांदा मुक्काम तीन वर्षंही टिकला नाही. शिकार कमी होत चालली होती. शेजार वाढत होता. 1874 साली गाडी पश्चिमेला निघाली. पेपिन सरोवर गोठलेलं असतानाच त्यांनी ते बर्फावरून ओलांडलं. थांबले ते मिनेसोटात, वॉलनट ग्रोव्ह गावाजवळ, प्लम क्रीक नावाच्या ओढ्यावर.

ओढ्याच्या काठात खोदलेलं घर होतं. एक खोली. मागची आणि बाजूच्या भिंती मातीच्या, पुढची हिरवळीच्या ढेपांची. छत विलोच्या फांद्यांचं, वर पेंढा आणि गवत उगवलेली माती. पुस्तकात एक बैल छतावरून चालत जातो आणि त्याचा पाय खाली खोलीत येतो. 1920 च्या दशकात ते घर खचलं. आता ओढ्याच्या काठावर एक खळगा आहे, गवताने भरलेला. शेजारी पाटी आहे.

काठावरून वर आलं की माळ होता. बिग ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्याच्या वर जायचं. मुळं तितकीच, कधी त्याहून जास्त खोल जायची. पहिल्यांदा नांगर घालताना मुळं तुटल्याचा आवाज व्हायचा. अमेरिकेतल्या उंच गवताच्या माळापैकी शंभरातले चार भाग उरले आहेत असं धरतात. मिनेसोटात त्याहूनही कमी. बाकी मका आणि सोयाबीन. पाणथळ जागांखाली आधी मातीच्या, मग प्लास्टिकच्या निचऱ्याच्या नळ्या घातल्या. शेतातलं पाणी आता लवकर ओढ्यात उतरतं आणि काठाची माती घेऊन जातं. प्लम क्रीक कॉटनवुड नदीला मिळतो, कॉटनवुड मिनेसोटा नदीला, मिनेसोटा मिसिसिपीला. ती माती पेपिन सरोवरात जाऊन बसते. वस्ती होण्याआधीच्या तुलनेत तिथे दहापट गाळ साचतो. हा वेग राहिला तर सरोवर सुमारे 340 वर्षांत भरेल, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

चार्ल्सने गहू पेरला. पिकाच्या भरवशावर उधारीने लाकूड आणून फळ्यांचं घर बांधलं. त्याला काचेच्या खिडक्या होत्या.

टोळ आले.

रॉकी पर्वतातले टोळ 1873 ते 1877 या वर्षांत मिनेसोटावर येत राहिले. 1875 साली नेब्रास्कात अल्बर्ट चाइल्ड नावाच्या डॉक्टरने एक थवा डोक्यावरून जाताना पाहिला. थवा पाच दिवस जात होता. वाऱ्याचा वेग आणि तारेने मागवलेल्या इतर गावांच्या खबरा धरून त्याने थव्याचा विस्तार काढला. तो 1,98,000 चौरस मैल आला.

आधी सूर्यासमोर चमकणारा ढग दिसे. मग गारा पडल्यासारखा आवाज. टोळ गहू खायचे, मग गवत, मग झाडांची पानं आणि साल. कांदे जमिनीत खालपर्यंत कोरून खायचे. दोरीवर वाळत घातलेले कपडे खायचे. कुदळीच्या दांड्याला घामाचं मीठ लागलेलं असे, तो दांडा कुरतडायचे. कोंबड्या टोळ खाऊन खाऊन थकायच्या आणि त्यांच्या मांसाला, अंड्यांना वास यायचा. ओढ्याचं पाणी तपकिरी व्हायचं. रुळांवर चिरडलेल्या टोळांमुळे आगगाडीची चाकं घसरायची. मग टोळ जमिनीत अंडी घालायचे. पुढच्या वर्षी पीक उगवायच्या आधी ती फुटायची.

चार्ल्स पायी पूर्वेकडे गेला. तिथल्या शेतांवर कापणीला मजुरी केली आणि पैसे घरी पाठवले. गाडीभाड्याला पैसे नव्हते.

1875 च्या अखेरीला सरकारी मदतीचं पीठ मिळत होतं. त्यासाठी शपथेवर लिहून द्यावं लागे की आपल्यापाशी काहीही नाही. चार्ल्सने तशी सही केली. दोन अर्धी पिंपं पीठ मिळालं. लॉराच्या पुस्तकात ही गोष्ट नाही.

त्याच सालच्या 1 नोव्हेंबरला मुलगा झाला. तीन मुलींनंतरचा हा एकुलता एक मुलगा. नाव चार्ल्स फ्रेडरिक. चार्ल्स हे वडिलांचं. फ्रेडरिक हे कॅरोलिनच्या सावत्र वडिलांचं नाव होतं. घरात त्याला फ्रेडी म्हणत.

1876 च्या जुलैत प्लम क्रीकची जमीन विकली. पूर्व मिनेसोटात पीटर आणि एलायझाच्या शेतावर सगळे उन्हाळाभर राहिले. 27 ऑगस्टला फ्रेडी वारला. नऊ महिन्यांचा होता. त्याला तिथेच पुरलं. कबरीवर दगड नव्हता. जागा आजवर सापडलेली नाही. पुस्तकांत फ्रेडी नाही.

मग आयोवातलं बर ओक. गावातल्या खानावळवजा हॉटेलात कामाला. 23 मे 1877 रोजी ग्रेस जन्मली. घरमालकाचं भाडं थकलं आणि एका रात्री ते गाव सोडून निघाले. बर ओकही पुस्तकांत नाही. हॉटेलची इमारत मात्र आहे. लॉरा लहानपणी राहिली त्या घरांपैकी मूळ जागी उभं असलेलं हे एकच, एवढ्यासाठी तिथे लोक जातात.

वॉलनट ग्रोव्हला परतल्यावर शेत नव्हतं. चार्ल्सने गावात खाटकाचं दुकान काढलं. सुतारकी केली. गावाने त्याला न्यायाधीश नेमलं, छोटे तंटे तो घरच्या बैठकीच्या खोलीत ऐकायचा.

1879 च्या वसंतात मेरीला ताप आला. डोकं असह्य दुखलं. कॅरोलिनने तिचे लांब केस कापून टाकले. चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली. मग दिसेनासं झालं. पुस्तकात आजाराचं नाव स्कार्लेट फीवर आहे. 2013 साली डॉक्टरांनी जुन्या नोंदी आणि पत्रं तपासून मेंदूला विषाणूमुळे आलेली सूज, असं निदान मांडलं. मेरी चौदा वर्षांची होती. घरातली अभ्यासात हुशार मुलगी ती होती आणि शिक्षिका तिला व्हायचं होतं. पुढे शिक्षिका झाली ती लॉरा. डोळे मेरीचे गेले, आणि वडिलांनी लॉराला सांगितलं की आता मेरीला काय दिसतं ते तू सांगायचं. लॉरा सांगू लागली. सूर्यास्त, गाड्या, माणसांचे कपडे, वाटेवरचं गवत. हे पुष्कळ वर्षं चाललं.

त्याच साली चार्ल्सला रेल्वेच्या बांधकामावर हिशेबनिसाची नोकरी लागली. कुटुंब डकोटा टेरिटरीत सिल्व्हर लेकच्या काठी गेलं. हिवाळ्यात मजूर निघून गेले. सर्व्हेअर लोकांच्या रिकाम्या घरात इंगल्स कुटुंब राहिलं. आसपास वस्ती नव्हती. तळ्यावर हंस, बदकं, पाणकावळे, पेलिकन उतरायचे. आवाजाने पहाट व्हायची. वसंतात गाव आखलं गेलं, माणसं आली, आणि पाखरं तिथे उतरेनाशी झाली. 1920 च्या दशकात सिल्व्हर लेकचं पाणी चर खणून काढून टाकलं. आता पाऊस चांगला झाला तर तिथे पाणथळ दिसते.

माळावर रानरेड्यांनी लोळून केलेले गोल खळगे होते. त्यांत वायलेटची फुलं उगवायची. रेडे आधीच गेले होते. पुस्तकात हरवलेली ग्रेस अशाच एका खळग्यात सापडते. नंतर नांगर फिरले आणि खळगेही सपाट झाले.

1880 च्या फेब्रुवारीत चार्ल्सने होमस्टेड कायद्याखाली जमीन नोंदवली. कायदा असा होता: साधारण 160 एकर, थोडी फी, पाच वर्षं राहून कसायची, मग मालकी. चार्ल्सने खोपटं बांधलं आणि कॉटनवुडची रोपं लावली, कॅरोलिनसाठी आणि मुलींसाठी एकेक. गावाचं नाव डी स्मेट ठेवलं गेलं.

ऑक्टोबर 1880 मध्ये पहिलं हिमवादळ आलं. एप्रिलपर्यंत वादळं येत राहिली. रुळांसाठी खणलेल्या खिंडी बर्फाने भरत, माणसं फावड्यांनी उपसत, रात्रीतून त्या पुन्हा भरत. जानेवारीत गाड्या बंद झाल्या. पुढची गाडी मे महिन्यात आली.

कोळसा संपला. दलदलीतलं वाळलेलं गवत पिळून, त्याच्या घट्ट मोळ्या करून जाळायला सुरुवात झाली. एक मोळी काही मिनिटांत जळून जाई. मागच्या खोलीत थंडीत उभं राहून कोणीतरी सतत पिळत असे. पीठ संपलं. गहू कॉफीच्या छोट्या चक्कीत दळायचा. चक्की मांडीवर धरून आळीपाळीने. मेरीही दळायची, त्याला डोळे लागत नव्हते. दिवसभर दळून एका भाकरीपुरतं पीठ निघे. रॉकेल संपलं तेव्हा कॅरोलिनने बटण आणि चिंधीची वात करून गाडीच्या वंगणात पेटवली. गहूही संपत आला तेव्हा गावातले दोन तरुण, आल्मान्झो वाइल्डर आणि कॅप गार्लंड, बर्फातून घसरगाड्या घेऊन बारा-पंधरा मैलांवर गेले आणि एका एकट्या शेतकऱ्याकडून गहू विकत आणला. कॅप 1891 साली मळणीयंत्राचा बॉयलर फुटून गेला.

चार्ल्स फिडल वाजवायचा. प्रत्येक घरी, प्रत्येक मुक्कामी, शेकोटीजवळ, रात्री. त्या हिवाळ्यात गवत पिळून आणि थंडीने त्याची बोटं ताठ झाली. वाजवायला बसला आणि सूर लागेनात. फिडल पेटीत ठेवून दिली.

पुस्तकांत त्याच्या शंभराहून जास्त गाण्यांचे उल्लेख आहेत. भजनं, नाचाची गाणी, युद्धाची गाणी, नाटकमंडळ्यांची गाणी. त्याने ती ऐकून उचलली होती. त्याच्या वाजवण्याचं ध्वनिमुद्रण नाही. फिडल मिसूरीतल्या मॅन्सफील्डच्या संग्रहालयात आहे.

डी स्मेटच्या रुळांवरून आता मालगाड्या जातात. प्रवासी गाडी नाही.

मेरी 1881 साली आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत गेली. 1889 साली शिक्षण पुरं करून परतली. घरी बसून ती माशा बसू नयेत म्हणून घोड्यांवर टाकायच्या जाळ्या विणायची आणि विकायची. घोडे गेले तशी त्या जाळ्यांची गरजही गेली.

1886 साली होमस्टेडची मालकी मिळाली. पुढच्या वर्षी कुटुंब गावात राहायला गेलं. थर्ड स्ट्रीटवरचं घर चार्ल्सने स्वतः बांधलं. होमस्टेड विकून टाकलं. विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, डकोटा इथे त्याने नांगरलेल्या जमिनींपैकी एकही त्याच्याकडे राहिली नाही. यानंतर त्याने घर बदललं नाही. पश्चिमेला जायची ओढ त्याला होती, पण मुलींच्या शाळेसाठी डी स्मेटपुढे जायचं नाही असं त्याने कॅरोलिनला कबूल केलं होतं. गावात तो सुतार होता, दुकानदार होता, विमा विकायचा, न्यायाधीश होता, डेप्युटी शेरीफ होता. चर्चची इमारत उभारणाऱ्यांत होता.

लॉराने 25 ऑगस्ट 1885 रोजी आल्मान्झोशी लग्न केलं. 5 डिसेंबर 1886 रोजी रोझ जन्मली. 1889 साली मुलगा झाला आणि नाव ठेवायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, गेला. त्याच महिन्यात घर जळालं. ग्रेस तेव्हा बारा वर्षांची होती, रोजनिशी लिहायची. बाळ आल्मान्झोसारखं दिसायचं, असं तिने लिहून ठेवलं. दुष्काळाची वर्षं आली. 1894 साली लॉरा, आल्मान्झो आणि रोझ मिसूरीला गेले.

लॉरा जायच्या आधीचं एक छायाचित्र आहे. सहाही जण त्यात आहेत. कॅरोलिन, चार्ल्स आणि मेरी बसलेले, कॅरी, लॉरा आणि ग्रेस मागे उभ्या. चार्ल्सची दाढी छातीपर्यंत आली आहे. कोणी हसत नाही. त्या काळी छायाचित्रात हसत नसत, पण चार्ल्सचे डोळे नीट पाहावेत असे आहेत. लॉराने त्या डोळ्यांविषयी पानंच्या पानं लिहिली.

1902 च्या वसंतात चार्ल्सचं हृदय बिघडल्याची तार मिसूरीला गेली. लॉरा आठ वर्षांनी पहिल्यांदा घरी आली. 8 जून 1902 रोजी चार्ल्स गेला. छासष्ट वर्षांचा होता. फिडल त्याने लॉराला दिली.

त्याच उन्हाळ्यात कॅनडाच्या माळावर रॉकी पर्वतातले टोळ जिवंत पकडले गेले. नंतर ते कोणाला दिसले नाहीत. ते पर्वतातल्या नदीखोऱ्यांच्या मातीत अंडी घालत. तीच खोरी शेतकऱ्यांनी नांगरली, त्यांना पाट काढले, गुरं चारली. टोळ नष्ट करायला माणसांनी आधी कितीतरी उपाय केले होते. डांबर लावलेले पत्रे शेतातून ओढले, खंदक खणले, बक्षिसं लावली. त्या उपायांनी टोळ संपले नव्हते. काही टोळ संग्रहालयांत टाचणीवर आहेत, काही वायोमिंग आणि मोंटानाच्या हिमनद्यांत गोठलेले. हिमनद्या वितळताहेत, त्यांतले टोळही बाहेर पडून कुजतात.

कॅरोलिन 20 एप्रिल 1924 रोजी गेली. वडील गेल्यानंतरच्या बावीस वर्षांत लॉरा डी स्मेटला आली नाही, आईच्या अंत्यविधीलाही नाही. मेरी 1928 साली कीस्टोन गावी कॅरीच्या घरी वारली. तिने लग्न केलं नव्हतं. ग्रेस 1941 साली गेली, कॅरी 1946 साली. दोघींना मूल नव्हतं. कॅरीची दोन सावत्र मुलं होती. त्यांपैकी मुलगा माउंट रशमोरच्या डोंगरावर राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरणाऱ्या कामगारांत होता.

लॉराने पहिलं पुस्तक 1932 साली प्रसिद्ध केलं. पासष्ट वर्षांची होती. त्यात लॉरा वडिलांना पा म्हणते. 1957 साली ती गेली. तिच्या आधी आल्मान्झो, 1949 साली.

रोझ पत्रकार आणि लेखिका झाली. तिला एक मुलगा झाला होता, तो जगला नाही. 30 ऑक्टोबर 1968 रोजी रोझ गेली. चार्ल्स आणि कॅरोलिनला पाच मुलं झाली, दोन नातवंडं, एक पणतू. त्यांच्या वंशात यानंतर कोणी नाही. पुस्तकांचे हक्क रोझचे वकील रॉजर मॅकब्राइड यांच्याकडे गेले.

1974 साली टीव्ही मालिका सुरू झाली. तीतला चार्ल्स बराच काळ वॉलनट ग्रोव्हमध्ये राहतो. तीन मुलं दत्तक घेतो. 1984 साली दाखवलेल्या शेवटच्या भागांपैकी एकात गावकरी गावातल्या इमारती सुरुंगाने उडवून देतात. कॅलिफोर्नियातल्या सेटवरच्या त्या इमारती खरोखरच उडवल्या.

खऱ्या वॉलनट ग्रोव्हमध्ये आज वस्तीचा मोठा भाग लाओसहून आलेल्या ह्मोंग कुटुंबांचा आहे. त्यांतल्या पहिल्या काहींनी मालिका पाहून गाव निवडलं. ते तिथे काम करतात, भाज्या लावतात, त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात. गावच्या चर्चसाठी चार्ल्सने ज्या घंटेला पैसे दिले होते ती घंटा आता दुसऱ्या चर्चवर आहे.

डी स्मेटच्या स्मशानभूमीत चार्ल्स, कॅरोलिन, मेरी, कॅरी, ग्रेस आणि लॉराचं बाळ आहे. लॉरा, आल्मान्झो आणि रोझ मिसूरीत. फ्रेडी मिनेसोटात. होमस्टेडवर चार्ल्सने लावलेल्या कॉटनवुडपैकी काही झाडं उभी आहेत. पीटर आणि एलायझाच्या मुलांचा वंश चालू आहे.